चौघांचं काम, चौघांचे गुण: डिझाइनच्या मुलांना टीमवर्क शिकवायचं कसं आणि तपासायचं कसं

काही वर्षांपूर्वी एका ज्युरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या शेवटच्या तपासणीत, मी चौघांच्या टीमला सरसकट ७२ गुण दिले. मॉडेल देखणं होतं, शीट स्वच्छ होत्या, आणि सादरीकरण करणारा मुलगा इंग्रजीत न अडखळता बोलला होता. निकाल लागला त्या दुपारी त्याच टीममधली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. गुणांबद्दल ती बोललीच नाही, नुसते हात पुढे केले. बोटांवर चिकटवायच्या द्रावणाचे वाळलेले पापुद्रे, अंगठ्याच्या मुळाशी कटरचा ओरखडा, त्यावर दाबलेली हळद. "मॅडम, त्यानी काहीच करं नही," ती म्हणाली. एरवी वर्गात प्रमाण मराठी बोलणारी पोर, पण राग अहिराणीतच आला.

त्या ७२चा हिशेब मला देता येईना. कोणी काय केलं हे मी पाहिलंच नव्हतं, शेवटची वस्तू तेवढी पाहिली होती. त्याहून अडचणीचं म्हणजे, टीममध्ये काम कसं करायचं हे मी त्यांना एका तासालाही शिकवलं नव्हतं. "चार-चारचे ग्रुप पाडा" एवढं सांगून मी मोकळी झाले होते. अभ्यासक्रमाच्या कागदावर 'संघात काम करण्याची क्षमता' हे वाक्य सगळीकडे असतं, वेळापत्रकात मात्र त्याला तास नसतो.

खाली लिहिलंय ते त्यानंतर चुकतमाकत बसवलेलं आहे. मी जळगाव जिल्ह्यात शिकवते, म्हणून उदाहरणं इथली. ४० मुलांचा वर्ग, एक शिक्षक आणि सहा आठवड्यांचा प्रोजेक्ट धरून चालले आहे. डिप्लोमा, बी.डेस., आर्किटेक्चर, इंटिरियर, कुठेही थोड्या फेरफाराने चालेल.

आधी ब्रीफ तपासा

टीममधल्या निम्म्या भानगडी ब्रीफमध्येच, म्हणजे मुलांना काय करायचं ते सांगणाऱ्या कागदातच, पेरलेल्या असतात. 'खान्देशातील हस्तकला यावर चौघांनी मिळून पोस्टर मालिका करा' असं दिलं की काय होतं? एक जण इतिहास उतरवतो, एक फोटो गोळा करतो, एक लेआउट लावतो आणि चौथा प्रिंट काढायला जातो. आदल्या रात्री सगळं चिकटवायचं. चार तुकडे करून चार घरी नेता येतो तो टीमचा प्रोजेक्ट नव्हे, ती वाटणी झाली. असा विषय बिनधास्त एकेकट्याला द्या.

टीमसाठी असा विषय हवा की एकाचा निर्णय दुसऱ्याचं काम अडवेल. माझा आवडता ब्रीफ रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला आहे. कापलेला घड बागेतून गाडीपर्यंत माणूस डोक्यावर किंवा खांद्यावर वाहतो. घड वीस-पंचवीस किलोचा, खाली चुंबळ म्हणून जुनं कापड नाहीतर गोणपाट. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मभर जात नाही. ब्रीफ एका ओळीचा: या माणसासाठी चांगली चुंबळ करा, कारागिराकडे शिवून घेता येईल अशी.

आता पाहा. मजुराशी बोलणारी मुलगी सांगते की घामाने मान भिजते, जाड फोम नको. फोम पातळ केला की घडाचा दांडा टोचतो, म्हणजे आकार बदलायला हवा. आकार बदलला की शिलाई बदलते. चीक न धरणारं रेक्झिन घेतलं तर पुन्हा घाम येतो. इथे कुणालाही आपला तुकडा घेऊन घरी जाता येत नाही. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, दिवसभर बसून देठ खुडणाऱ्या बायांसाठी बैठक, हाही असाच घट्ट विणलेला विषय आहे. तिथे जाताना मुलांना रुमाल न्यायला सांगा, ठसक्याने पहिला अर्धा तास कुणी बोलू शकत नाही.

टीम तुम्ही पाडा

मुलांना टीम निवडू दिली की मित्र मित्राकडे जातो आणि शेवटी जे चार उरतात त्यांची 'उरलेल्यांची टीम' होते. त्या चौघांना पहिल्याच दिवशी कळलेलं असतं की आपण नकोसे आहोत. हे मी दोन वर्षं होऊ दिलं, त्याची लाज वाटते.

पहिल्या तासाला प्रत्येकाकडून एक चिठ्ठी भरून घ्या. कुठून येता आणि किती वाजताच्या गाडीने परत जाता? हाताने काय जमतं: शिवण, सुतारकाम, रेखाटन, फोटो, हिशेब? कॉम्प्युटरवर काय येतं? घरी कुठली भाषा बोलता? या प्रोजेक्टात नवीन काय शिकायचंय?

गाडीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे अर्धा वर्ग अप-डाऊन करतो. कुणी भुसावळहून, कुणी पाचोरा-चाळीसगावकडून, कुणी अमळनेर-धरणगावकडून. एका टीममध्ये तीन दिशांचे चौघं पडले तर त्यांची भेट फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर होते. काही मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं. 'संध्याकाळी भेटून करा' हा सल्ला त्यांना टीमबाहेर काढण्यासारखाच आहे. म्हणून भेटीची वेळ स्टुडिओच्या तासातच राखून ठेवा.

टीम चौघांची बरी. तिघांत दोघं एक होतात नि एक एकटा पडतो, पाचांत एक जण आरामात लपतो. कसब मिसळा, पण एका टीममध्ये एकटी मुलगी टाकू नका. बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात हेच सांगितलंय: ज्यांचा आवाज वर्गात आधीच दबलेला आहे, त्यांना सुरुवातीच्या वर्षांत टीममध्ये एकटं पाडू नये. माझ्या वर्गात एकट्या मुलीच्या वाट्याला हमखास 'तुझं अक्षर छान आहे, तू लिही' येतं. हाच नियम मी भाषेला लावते. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेला, घरी पावरी किंवा भिली बोलणारा मुलगा असेल तर त्याच्या भाषेचा, निदान त्याच्या गावाकडचा आणखी एक जण त्याच टीममध्ये.

पहिल्या दिवशी एक कागद

टीम ठरली की लगेच अर्धा तास द्या आणि एका पानाचा करार लिहून घ्या. मुलं पहिल्या झटक्यात 'सर्वांनी एकजुटीने व प्रामाणिकपणे काम करावे' असं लिहितात. त्यावर लाल रेघ मारा. हे वाक्य कुणीच मोडू शकत नाही, म्हणून ते कामाचंही नाही. भेट कधी, कुठे? न येणाऱ्याने कुणाला, किती आधी कळवायचं? कळवलं नाही तर काय? काम 'झालं' म्हणजे नेमकं काय झालं की झालं म्हणायचं? दोन मतं पडली तर निर्णय कसा घ्यायचा? खर्च कोण लिहून ठेवणार? उत्तरं या प्रश्नांची हवीत.

खर्चाचा प्रश्न मुलं लाजून टाळतात, तुम्ही टाळू नका. फोम, रेक्झिन, रिक्षा, प्रिंट, सगळं ज्याच्या घरी पैसे आहेत त्याच्याकडून आपोआप निघतं. मग निर्णयही आपोआप त्याचा होतो.

एका टीमने लिहिलं होतं: 'भांडण झालं तर आधी चहा, चहा संपेपर्यंत प्रोजेक्टवर बोलायचं नाही, चहाचे पैसे आवाज चढवणाऱ्याने द्यायचे.' सहा आठवड्यांत एकच मुलगा नऊ वेळा चहा पाजून बसला. तो करार मी अजून नवीन मुलांना दाखवते, कारण त्यातलं प्रत्येक कलम पाळता येण्यासारखं होतं.

तास राखून शिकवायच्या गोष्टी

सगळ्यात आधी कल्पना काढणं. चौघं टेबलाभोवती बसून 'सुचेल ते बोला' म्हटलं की जो मोठ्याने बोलतो त्याची कल्पना जिंकते. एक बोलत असताना बाकीच्यांचं सुचणं थांबतं. डीएल आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रयोगांतून हेच दाखवलं: एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर जास्त भरतात. म्हणून आधी एकट्याने, मग मिळून.

त्यासाठी जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली ६-३-५ पद्धत वापरा. मूळ पद्धतीत सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजारी द्यायचा. आपल्या चौघांसाठी मी ती ४-३-५ करते. ए-थ्री कागदावर तीन उभे रकाने, चार आडव्या ओळी. पहिली पाच मिनिटं प्रत्येक जण वरच्या ओळीत तीन छोटी स्केच काढतो. बोलायचं नाही. मग कागद डावीकडे. पुढच्या ओळीत वरच्याची कल्पना पुढे न्यायची, वळवायची किंवा उलटी करायची. चार फेऱ्या, वीस मिनिटं, ४८ स्केच. प्रत्येक ओळीच्या टोकाला आद्याक्षरं.

चुंबळीच्या प्रोजेक्टात एका कागदावर पहिल्या मुलीने साधी गोल कडी काढली होती. शेजारच्याने तिला मागून कापून घोड्याच्या नालेसारखी केली. तिसरीने नालेची दोन टोकं लांबवून खांद्यावर सोडली. चौथ्याने त्या टोकांना नाडी लावली नि खाली लिहिलं, 'आजी ओढणी अशी बांधते.' शेवटी शिवली गेली ती हीच चुंबळ. ती कुणाची म्हणायची? कागदावर चौघांची आद्याक्षरं एकाखाली एक होती. तो कागद पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते टीमवर्कवरच्या माझ्या तासाभराच्या भाषणाने कधी उमटलं नाही.

दुसरं, टीका करणं. आमच्या मुलांकडे टीकेचे दोनच शब्द असतात, 'भारी' आणि 'नाही जमलं'. यावर उपाय म्हणून मी एक खेळ घेते. आपलं स्केच आपण समजवायचंच नाही, शेजाऱ्याने समजवायचं. तो काय दिसतंय ते सांगतो, जिथे कळत नाही तिथे विचारतो, आणि मगच एक सूचना देतो. ज्याचं स्केच आहे तो तोवर गप्प. आपल्या रेघेतून लोकांना काय कळतं हे ऐकताना तो घामाघूम होतो, पण स्केच सुधारतं आणि भांडण होत नाही.

निर्णय मतदानाने घेऊ देऊ नका. तीन विरुद्ध एक झालं की तो एक पुढचे पाच आठवडे रुसलेला असतो. अडलं तर दोन्ही कल्पनांची कच्ची मॉडेलं त्याच दुपारी पुठ्ठा, चिंध्या, सुतळी घेऊन करायची आणि वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून पाहायची. मजूरदादा मान हलवून जे सांगतात त्यावर कुणी रुसत नाही.

भांडणाबद्दल आधीच बोलून ठेवा. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटांचे टप्पे मांडले, ते मुलांना आपल्या शब्दांत सांगा: आधी जमतात, मग भांडतात, मग घडी बसते, मग काम होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खटके उडणार हे माहीत असलं की मुलं घाबरून टीम बदलून मागत नाहीत. माझा अनुभव विचाराल तर टप्पे इतके शहाण्यासारखे एकामागून एक येत नाहीत. ज्युरीच्या आदल्या रात्री पुन्हा दुसरा टप्पा येतोच.

काम डोळ्यांना दिसू द्या

फ्रान्समधले शेतीचे अभियंता रिंगलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. १९१३ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांत माणसं वाढली तसा दरडोई जोर कमी होत गेला. पुढे १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पाहिलं: आपण घोळक्यात आहोत असं वाटलं की माणूस हळूच हात आखडतो. शिक्षकांच्या कामाचा भाग त्याच्या पुढचा. १९८१ साली याच तिघांना दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, तर ही कुचराई उरतच नाही. त्यासाठी माणसाचा स्वभाव बदलावा लागला नाही, मोजमाप दिसावं लागलं.

म्हणून स्टुडिओत प्रत्येक टीमला भिंतीचा एक पट्टा द्या. जे झालं ते तिथे लागतं: स्केच, फसलेलं मॉडेल, मजुराशी बोलल्याचं टिपण, बिल. प्रत्येकावर तारीख आणि आद्याक्षरं. दोघांनी केलं तर दोघांची. भिंतीवर नाही ते झालेलं नाही, असा नियम ठेवा आणि पहिल्या आठवड्यात निष्ठुरपणे पाळा.

सोबत प्रत्येकाची स्वतःची वही. रोज पाच ओळी पुरे: आज मी काय केलं, कुणामुळे अडलं, कुणाला माझ्यामुळे अडलं, उद्या काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला सगळे 'कुणाला नाही' असं देतात. दोन आठवड्यांनी खरं लिहायला लागतात.

कॉम्प्युटरवरचं काम सामाईक फाइलीत करायला लावा, म्हणजे कुणी कधी काय बदललं याचा इतिहास राहतो. पण त्या इतिहासावर जास्त भरवसा नको. एका लॅपटॉपवर तिघं मिळून काम करतात आणि नोंद लॅपटॉपवाल्याच्या नावाने होते. आमच्याकडे लॅपटॉप सगळ्यांकडे नसतात. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मी पुरावा धरत नाही. 'ओके', 'हो', 'करतो' आणि अंगठे, यापलीकडे त्यात काही निघत नाही.

तिसऱ्या आठवड्याची फेरी

अर्ध्या वाटेवर, गुण न देता, मूल्यमापनाची रंगीत तालीम घ्या. शेवटी जो फॉर्म भरून घेणार तोच आत्ता भरून घ्यायचा. फॉर्म कसा, ते पुढे येतंय. मग प्रत्येक टीमबरोबर पंधरा मिनिटं बसा. दहा टीम म्हणजे अडीच तास. सहा आठवड्यांत याहून कामाचे अडीच तास मला दुसरे सापडले नाहीत.

'तो काहीच करत नाही' अशी तक्रार आली की तीन शक्यता तपासा. तो करत नाही, त्याला करता येत नाही, किंवा त्याला करू दिलं जात नाही. पहिला प्रकार आपल्याला वाटतो तितका जास्त नसतो. दुसऱ्यासाठी शिकवावं लागतं. एका मुलाला कटरने पुठ्ठा सरळ कापता येत नव्हता आणि ते कबूल करायची त्याला इतकी लाज, की तो मॉडेलच्या दिवशी आजारीच पडायचा. वीस मिनिटांत शिकला. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दिसणारा. टीममध्ये एक हुशार, हुकमी मूल असतं. दुसऱ्याने केलेलं ते रात्री घरी नेऊन पुन्हा करतं, 'नीट' करतं. चार दिवसांनी बाकीचे करणंच सोडतात आणि मग ते तक्रार घेऊन येतं की सगळं मलाच करावं लागतं. माझ्या दारात आलेली ती पहिली मुलगी पूर्ण बरोबर होती की थोडी अशीही होती, हे मला आता कधीच कळणार नाही.

गुणांची वाटणी

साक्री-धुळे भागात पांझरा नदीवर फड बागायत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवायचं नाही. पाट साफ करायला सगळे. पण पीक कापून घरी नेलं की ते ज्याच्या त्याच्या वावराचं. काय सामाईक आणि काय ज्याचं त्याचं, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. गुणांचंही तसंच, पहिल्या दिवशी भिंतीवर लावा.

मी शंभराची वाटणी अशी करते. तयार वस्तू आणि सादरीकरणाला ४०. टीमच्या प्रक्रियेला २०, म्हणजे भिंत, करार, वापरणाऱ्यांकडे किती वेळा गेले, फसलेल्या मॉडेलातून काय शिकले. हे २० चौघांना सारखेच. उरलेले ४० ज्याचे त्याचे: २० वहीचे, २० तोंडीचे. वस्तूच्या ४० गुणांना मात्र सहकाऱ्यांच्या मताचा गुणक लागतो.

तो असा काढायचा. प्रत्येकाला ३० टिकल्या द्या. त्या त्याने बाकीच्या तिघांत वाटायच्या, स्वतःला द्यायच्या नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य सक्तीचं: त्या माणसाने कधी, काय केलं. 'मेहनती आहे' चालणार नाही, 'दुसऱ्या आठवड्यात शिलाई उसवली तेव्हा पुन्हा मापं घेतली' चालेल. ही वाक्याची अट घातली नाही तर सगळे १०-१०-१० भरून मोकळे होतात. फॉर्म गुप्त, तुमच्यापुरता.

चौघांच्या मिळून १२० टिकल्या, म्हणजे सरासरी प्रत्येकी ३०. समजा अ ला ३३ मिळाल्या, ब ला ३०, क ला ३६ आणि ड ला २१. ३० ने भागा: १.१, १, १.२, ०.७. या गुणकाला मी वर १.१ आणि खाली ०.८ अशी कुंपणं घालते. वस्तूला टीमचे ४० पैकी ३० गुण असतील तर अ ला ३३, ब ला ३०, क लाही ३३ आणि ड ला २४. अर्थात ४० च्या वर कुणी जायचं नाही. वरचं कुंपण मुद्दाम आहे. एकट्याने सगळं ओढणाऱ्याला भरघोस बक्षीस दिलं की पुढच्या वेळी तो कुणाला हातच लावू देत नाही.

एक लक्षात ठेवा, गुणक हा निकाल नव्हे, चौकशीची खूण आहे. वरच्यासारखाच एक ड माझ्या वर्गात होता. फॉर्म उघडून पाहिले तर दोघांनी त्याला पाच-पाच टिकल्या दिलेल्या, एकीने अकरा. इतका फरक का? बोलावलं. पोरगा चाळीसगावकडून अप-डाऊन करणारा. चुंबळीचं शिवलेलं खोळ तो त्याच्या गावच्या गादीवाल्याकडे नेत होता. तीन वेळा उसवून पुन्हा शिवून आणलेलं, वहीत तारखा, वहीच्या मागच्या खिशात गादीवाल्याच्या तीन चिठ्ठ्या. अकरा देणाऱ्या मुलीने ती खोळं हातात घेतली होती, बाकी दोघांना वाटत होतं की ती शिवून 'येतात'. मी त्याचा गुणक १ केला आणि कारण गुणपत्रिकेच्या मागे लिहिलं. वहीच्या गुणांत मात्र त्याचे दोन कापले. तीन आठवडे चाललेलं काम त्याने भिंतीवर लावलं नव्हतं आणि टीमला सांगितलंही नव्हतं. त्याने ते मान हलवून मान्य केलं, त्यानंतरचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वही आणि तोंडी तपासायला मोजपट्टी लागतेच, पण ती पाच बाय पाचच्या खान्यांची नको, तपासणाराच त्यात हरवतो. मी तीनच गोष्टी पाहते: आपलं काम वेळेवर पुरं केलं का, दुसऱ्याचं काम पुढे जाईल असं काही केलं का, आणि टीममध्ये बिघाड दिसला तेव्हा काय केलं. प्रत्येकाखाली 'चांगलं', 'बरं', 'कमी' म्हणजे काय हे मराठीत एकेका वाक्यात लिहिलेलं. दुसऱ्या मुद्द्याचं 'चांगलं' असं वाचलं जातं: 'याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं स्केच किंवा मॉडेल सुधारलेलं दाखवता येतं.' दाखवता आलं पाहिजे, नुसतं सांगून भागत नाही.

तोंडी प्रत्येकी सात मिनिटं, एकट्याने. ४० मुलांना पावणेपाच तास लागतात, दोन दुपारी धरा. माझे ठरलेले प्रश्न तीन. तू न केलेलं एखादं काम निवड आणि ते तसं का केलं ते समजावून सांग. टीममधल्या कुणामुळे तुझं स्केच बदललं, भिंतीवर दाखव. तुला न पटलेला कुठला निर्णय तू मान्य केलास आणि का? पहिल्या प्रश्नाला लपून राहिलेला माणूस दोन मिनिटांत उघडा पडतो, आणि सगळं स्वतः करणाराही, कारण त्याला दुसऱ्याचं असं काही सापडतच नाही. मराठी, अहिराणी, इंग्रजी, ज्याला ज्यात बोलता येईल त्यात. टीमवर्क तपासताना इंग्रजीला गुण जाता कामा नयेत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही हे आधी फोन करून सांगा, नाहीतर त्यांच्यासमोर फक्त मॉडेल आणि सफाईदार वक्ता येतो आणि तुमचे सहा आठवडे दहा मिनिटांत पुसले जातात.

टीम मोडलीच तर

क्वचित मोडते. त्यासाठीचा नियमही पहिल्या दिवशी सांगून ठेवा. टीमने लेखी सूचना द्यायची, एक आठवडा थांबायचं, दुसरी लेखी सूचना तुमच्यासमोर द्यायची. त्यानंतरच वेगळं व्हायचं. वेगळा झालेला एकट्याने लहान ब्रीफ करतो आणि त्याचे प्रक्रियेचे २० गुण जातात. आजवर दुसरी सूचना मला दोनदाच पाहायला लागली. वाटच बंद आहे असं दिसलं की मुलं धुमसतात, वाट आहे हे कळलं की बहुतेक वेळा ती वापरत नाहीत. घरचं आजारपण, मयत, शेतातली कापसाची वेचणी यासाठी हा नियम लावू नका. तिथे काम फेरवाटून द्या आणि करारावर तारीख घालून लिहा.

निकालाची चिठ्ठी

निकालाच्या दिवशी प्रत्येकाला हाताएवढी चिठ्ठी द्या: वस्तूचे गुण, गुणक, प्रक्रियेचे, वहीचे, तोंडीचे, बेरीज. सहकाऱ्यांच्या फॉर्ममधली दोन वाक्यं नाव न घालता त्याखाली उतरवा, एक चांगलं, एक टोचणारं. टोचणारं निवडताना जपा. 'आळशी आहे' हे उतरवू नका. 'ठरलेल्या वेळी आला नाही, आम्ही प्लॅटफॉर्मवर थांबलो' हे उतरवा. फॉर्मच्या तळाशी मी एक प्रश्न विचारते: पुढच्या वेळी यांच्यापैकी कुणाबरोबर काम करायला आवडेल? त्याला गुण नाहीत. ती उत्तरं पाकिटात ठेवते आणि पुढच्या सत्राच्या टीम पाडायला बसते तेव्हा काढते.

आता कुणी स्टाफरूमच्या दारात येऊन उभं राहिलं की मी चिठ्ठी आणि वही मागते आणि आम्ही दोघं टेबलावर बसून बेरीज करतो. दोनदा माझीच बेरीज चुकलेली निघाली.